मुशीत टाकण्याआधी

वाचकांची पत्रं आणि एका दागिने घडवणारीची उत्तरं

या वेळच्या गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द आहे, 'मोडायचं'. आजीची माळ मोडायची, आईच्या पाटल्या मोडायच्या, जुना डाग, म्हणजे दागिना, देऊन नवा घ्यायचा. सोन्याचा भाव चढला की असं होतं, आणि गरज सगळ्यांनाच असते. मी कोल्हापुरात गुजरीजवळच्या, म्हणजे सराफ बाजाराजवळच्या एका गल्लीत वाढले. आजोबा सोनार, वडील सोनार. गेली २२ वर्षं मी दागिने घडवते आणि शिकवते. मोडू नका, असं मी कुणालाही सरसकट सांगणार नाही. मोडण्याआधी काय करता येईल, एवढंच सांगू शकते.

वडील जाऊन चार महिने झाले. दहाव्याला आत्यांनी आईचं मंगळसूत्र आणि जोडवी उतरवून घेतली. तेव्हापासून ते स्टीलच्या डब्यात, कपाटात आहे. भाऊ म्हणतो, मोडून तिन्ही नातवंडांना अंगठ्या करू. आई म्हणते, 'तुम्हाला वाटेल ते करा.' मला काहीच सुचत नाही. त्या सोन्याचं दुसरं काय होऊ शकतं?
— स. म., इस्लामपूर

ताई, 'तुम्हाला वाटेल ते करा' हे उत्तर नाही. आपल्या आयांनी जन्मभर हेच म्हटलंय, आणि दर वेळी त्यांच्या मनात काहीतरी निराळं असायचं. ते मंगळसूत्र तुमच्या आईचं स्त्रीधन आहे. कायद्यानेही ते त्यांचंच, भावाचं नाही आणि तुमचंही नाही. म्हणून सोन्याचं काय करायचं हे ठरवायच्या आधी एक करा. दुपारी घरात कुणी नसताना डबा उघडा, मंगळसूत्र आईच्या हातात द्या आणि शेजारी बसा. काही विचारू नका. हातात वस्तू आली की बाई आपणहून बोलायला लागते, हे मी वर्गात कितीदा पाहिलंय.

चार वर्षांपूर्वी शिरोळकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं. रुमालात बांधून मंगळसूत्र आणलं होतं, मोडायलाच. मी वजन करायला ते काट्यावर ठेवणार, तेवढ्यात त्यांनी एक वाटी उचलली आणि उलटी केली. आत, जिथे कडी झाळलेली असते त्या खाचेत, हळदीची एक रेघ होती. ३१ वर्षांची हळद. मग दुसरी वाटी उचलली. "ही माहेरची," म्हणाल्या. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. "हिला पोचा आहे बघा. थोरल्याला दात येताना तो ही चावायचा." मी भिंग लावून पाहिलं. वाटीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे दोन खळगे होते.

शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, बावीस कॅरेटचं त्याच्या थोडं आधी. मुशीत पत्रा लाल झाला, कड ढासळली की ते दोन खळगे पुसले जातात, आणि वजनात गुंजेचाही फरक पडत नाही. सराफाच्या पावतीवर त्यांची नोंद कधीच नव्हती. बाईंनी मोडायचं रद्द केलं. आम्ही काळे मणी उतरवले आणि त्यांच्या आईच्या तुटलेल्या माळेतली पोवळी घेऊन दोन्ही वाट्या त्यात गाठवल्या. आता त्या ती माळ रोज घालतात, पदराच्या आत.

तुमच्या आत्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही कुणीतरी हेच शिकवलं. पण आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य शासनानेही परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनी हे अनुसरावं असं सांगितलं. ती बातमी मी वर्गात मोठ्याने वाचली होती. तोवर मला वाटायचं, दागिना घडवला की कारागिराचं काम संपलं. तो अंगावर राहणार की उतरणार हे कोण ठरवतं, हा प्रश्न मी स्वतःला त्या दिवसापर्यंत विचारलाच नव्हता. आईला हेही सांगा की हवं तर त्या ते पुन्हा घालू शकतात.

आणि सगळं ऐकून, विचार करून त्या म्हणाल्या की मोडा, नातवंडांना द्या, तर मोडा. तोही त्यांचाच निर्णय. फक्त आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गणपतीला आणतो तसली शाडू माती घ्या, ओली असताना त्यात दोन्ही वाट्या दाबा, ठसा सावलीत वाळू द्या. सोनं तुमच्यासमोर वितळवायला सांगा, आधीचं आणि नंतरचं वजन लिहून घ्या. झाळाचा डाक, म्हणजे सांधे जोडणारा मिश्रधातू, आणि मळ जाऊन थोडी घट येणारच, तिला फसवणूक समजू नका. जमलं तर एक वाटी तशीच ठेवा. काळे मणी फेकू नका, आईला परत द्या.

आजीची बोरमाळ वजनाला साडेतीन तोळे भरली. सराफ म्हणतो, सोनं दीड तोळाच धरू. आम्हाला फसवलं जातंय का?
— र. ज., कराड

बहुतेक नाही. बोरमाळेचा मणी भरीव नसतो. आत लाख असते आणि वरून सोन्याचा पातळ पत्रा. लाख म्हणजे झाडावरच्या किड्याने केलेली राळ. ती तापली की मऊ होते, थंड झाली की दगडासारखी घट्ट बसते. इतका पातळ पत्रा तिच्या आधारानेच उभा राहतो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात चेपेल. थोड्या सोन्यात गळाभर दागिना व्हावा म्हणून आपल्या कारागिरांनी काढलेली ही युक्ती आहे. तुमच्या आजीला हे ठाऊक असणार. तुमच्यासमोर एक मणी फोडून, लाख जाळून सोनं तोलायला सांगा. खरा सराफ नाही म्हणणार नाही.

पण एक मणी फोडून पाहिल्यावर उरलेल्या माळेचा विचार पुन्हा करा. त्या दीड तोळ्याची एक सडपातळ चेन येईल. बोरमाळ घडवणारे हात आता कमी झालेत. आणि ठेवायची ठरवलीत तर गरम पाण्याने धुऊ नका, लाख हलते आणि मणी आतून पोकळ होतो. कोमट पाण्यात रिठा, मऊ फडकं, बस.

चांदीचं पैंजण काळं पडतं. टूथपेस्टने घासू का?
— एक वाचक, पनवेल

नको, टूथपेस्टने चरे पडतात. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो काळा थर येतो. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर पैंजण, वरून गरम पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा. थोड्या वेळात थर निघतो. खडे, मोती किंवा मीना असेल तर हे करू नका. नक्षीच्या खाचेतला काळेपणा मात्र राहू द्या, त्यानेच नक्षी दिसते.

आपल्या स्तंभात मागे आपण गंजलेल्या किल्लीच्या लोलकाविषयी लिहिलं होतं. मी निवृत्त शिक्षक आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण याला दागिना कसं म्हणायचं? दागिना म्हणजे अडीअडचणीला उपयोगी पडणारी ठेव. गंजलेल्या किल्लीवर कोण कर्ज देईल?
— वि. ग. का., नाशिक

सर, वाईट वाटलं नाही. तुमचा प्रश्न माझ्या वडिलांचाही होता. आणि तुम्ही म्हणता ते खरंच आहे. ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, तिच्या गळ्यातला एक तोळा हीच तिची बँक. त्या एक तोळ्याला मी कमी लेखत नाही.

ती किल्ली कुठून आली ते सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली गावं दिवसचे दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी मी पंचगंगेकाठच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात बायकांची कार्यशाळा घेतली. सांगितलं होतं, चिखलातून निघालेली एक वस्तू आणा, किमती नको. कुणी करंड्याचं झाकण आणलं, कुणी शाळेच्या बक्षिसाचं अर्धं पदक, कुणी पैठणीच्या काठाचा वीतभर तुकडा. एका आजींनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आणला होता, मधोमध वाकलेला. तो त्यांनी हातातून सोडलाच नाही. आम्हीही त्याला हात लावला नाही.

एकीने किल्ली आणली. कुलूप नव्हतं, कुलूप ज्या दाराला होतं ते दारही नव्हतं. मातीची भिंत पडली तेव्हा दार चौकटीसकट वाहून गेलं. किल्ली मात्र तिच्या कमरेला होती, कारण घर सोडताना तिने कुलूप लावलं होतं. ती म्हणाली, "पाणी आत येत होतं आणि मी कुलूप लावत होते." आम्ही किल्लीचा गंज काढला नाही. सुटा गंज ब्रशने झाडला, मेण तापवून त्याचा हात दिला, म्हणजे पुढे गंज वाढणार नाही आणि साडीला डागही पडणार नाही. पितळी पट्टीची चौकट केली, दाराच्या चौकटीसारखी, एक बाजू उघडी ठेवून. किल्ली तिच्यात टांगली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती ते घालून गेली. पुढे तिनेच मला सांगितलं की त्या दिवशी वाण राहिलं बाजूला, सगळ्या जणी किल्लीभोवती जमल्या आणि प्रत्येकीने आपापला पूर सांगितला. महिनोन्महिने पंचनामे, याद्या, अनुदान याच भाषेत पूर बोलला जात होता. त्या दुपारी तो पहिल्यांदा घरच्या भाषेत बोलला गेला. सर, त्या किल्लीवर कुणी कर्ज देणार नाही. पण दागिना अंगावर कशासाठी असतो, तर समोरच्याने विचारावं आणि आपण सांगावं यासाठीही असतो. पाटल्या कुणी केल्या, नथ कुठली, हे आपण विचारतोच ना?

म्युनिकमध्ये अनेक वर्षं शिकवलेले ओटो क्युन्झली नावाचे स्विस दागिने-कलावंत आहेत. त्यांनी १९८० मध्ये एक कडं केलं. काळ्या रबराची नळी, आणि आत सोन्याचा गोळा. सोनं दिसत नाही, नळीला आलेला फुगवटा तेवढा दिसतो. नाव दिलं, 'सोनं आंधळं करतं'. आत सोनं आहे की नाही हे पाहायचं तर कडं फाडावं लागेल, नाहीतर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागेल. मी वर्गात त्याचा फोटो आणि आमच्या घरची बोरमाळ शेजारी शेजारी ठेवते. एकात वर रबर, आत सोनं. दुसऱ्यात वर सोनं, आत लाख. मुली आधी गप्प होतात, मग तासभर बोलत राहतात.

आणखी एक सांगू? आपल्या दागिन्यांची नावं उच्चारून बघा. बोरमाळ, बकुळीहार, पोहेहार. कोल्हापुरी साजातले जवमणी. बोरं, बकुळीची फुलं, पोहे, जव. माझी अशी समजूत आहे की आधी कुणीतरी शेतातलं, अंगणातलं ओवलं असेल, सोनं नंतर आलं. वस्तू साधी असली म्हणून ती दागिना होत नाही, असं आपल्या भाषेने कधी मानलेलं नाही.

मी २३ वर्षांची, बी.कॉम. झालेय. दागिने घडवायला शिकायचंय, विकायला नाही, घडवायला. आमच्यात कुणी सोनार नाही. घरचे म्हणतात हे आपलं काम नव्हे आणि मुलीचं तर नव्हेच.
— प्रा. शि., पंढरपूर

मी सोनाराची मुलगी, तरी मला बागेसरीपाशी, म्हणजे सोनाराच्या शेगडीपाशी बसू देत नव्हते. वडील भावाला शिकवायचे आणि मी पायरीवर बसून बघायची. डाक कधी पळतो, डाक धरावा म्हणून लावलेला टाकणखार फुलून कसा बसतो, हे मी आधी नुसत्या डोळ्यांनी शिकले. त्यामुळे तुझ्या घरचं वाक्य मला पाठ आहे.

रीतसर शिकायचं तर मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयात धातुकाम शिकवतात, रत्न आणि दागिन्यांच्या वेगळ्या संस्थाही आहेत. चांदीचं काम पाहायचं तर एकदा आमच्या हुपरीला ये. घराघरात पैंजण आणि घुंगरं होतात, आणि त्यात बायकांचे हात फार असतात. तुझ्या घरच्यांनाही बरोबर आण.

पण त्याच्याही आधी, उद्याच, इलेक्ट्रिशियनकडून वीतभर जाड तांब्याची तार माग. चिमट्यात धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापव आणि पाण्यात बुडव. लोखंडी पातं असं बुडवलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. बोटाने वाकेल. मग हातोडीने ठोक. ठोकता ठोकता ते पुन्हा ताठ होईल आणि एका क्षणी सांगेल की आता बास. त्याच्यापुढे ठोकलंस तर तडा जाईल. तो क्षण हाताला कळायला मला दीड महिना लागला होता. पुन्हा तापव, पुन्हा ठोक. महिनाभर फक्त तांबं कर. नंतर चांदी. सोन्याची घाई नको.

आजोबा सोनार होते. १९६३ साली काम बंद पडलं आणि ते सूतगिरणीत लागले. त्यांची पेटी माळ्यावर आहे, वडिलांनी ती कधी उघडू दिली नाही. आता वडील नाहीत. मी बँकेत आहे. आत काय आहे ते नीट कळत नाही. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतो. द्यावी का?
— म. दी., सोलापूर

देऊ नका. आधी पेटी खाली उतरवा.

तुम्ही लिहिलेलं १९६३ हे साल वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा करायला उठले. आमच्याही घरात हे साल असंच, पुढचं काही न बोलता घेतात. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. परकीय चलन वाचवायचं, सोन्याची चोरटी आयात थांबवायची, हा हेतू. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर करायचा नाही, असं ठरलं. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात जेमतेम ५८ भाग सोनं. ज्या हाताला बावीस कॅरेटची सवय, त्याला ती धातू परकी. रंग उतरलेला, ठोकायला चिवट. लोकांनी तसले दागिने करून घेतलेच नाहीत. देशभरात लाखो कारागिरांचं काम गेलं, काहींनी जीव दिला. १९६६ मध्ये कॅरेटची अट सैल झाली, पण १९६८ मध्ये कायदाच झाला आणि तो १९९० पर्यंत होता. तोवर तुमच्या आजोबांसारख्यांनी पेटी माळ्यावर टाकलेली होती. माझ्या आजोबांनी साडेतीन वर्षं गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिले. पुन्हा काम सुरू झालं तेव्हा नजर मंदावली होती.

वडिलांनी पेटी उघडू दिली नाही, त्यात राग असेल, लाज असेल. पण त्यांनी ती विकलीही नाही, हे लक्षात घ्या.

आत साधारण हे सापडेल. एक लहान ऐरण. दोन-तीन हातोड्या. त्यांचे दांडे हातात धरून बघा, अंगठा जिथे टेकतो तिथे लाकूड खोलगट झालेलं असेल. तो तुमच्या आजोबांचा अंगठा. तुमचा त्यात बसतो का पाहा. एक लोखंडी पट्टी, तिला उतरत्या मापाची भोकं, ते जंतर. तार एकेका भोकातून ओढत बारीक करत न्यायची. सगळ्यात झिजलेलं भोक कोणतं ते बघा, म्हणजे आजोबा कोणत्या जाडीची तार जास्त ओढत ते कळेल. बारीक असेल तर नाजूक जाळीकाम करत असणार. फुंकणी, म्हणजे टोकाला वाकवलेली पितळी नळी. ठसे असतील, त्यांवर शाडू दाबा, नक्षी उमटेल. मातीच्या मुशी फुटलेल्या असल्या तरी टाकू नका. आणि पेटीच्या फटीतली धूळ झाडू नका, ब्रशने कागदावर घ्या. पूर्वी झारेकरी सोनारांच्या दारातली माती धुऊन सोन्याचे कण काढत आणि त्यावर त्यांचं पोट चाले. तुमच्या पेटीत रुपयाचंही सोनं निघणार नाही कदाचित. तरी ती धूळ १९६३ च्या आधीची आहे.

मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा, आत्या, मावशा, शेजारी. पेटी मध्ये ठेवा. कुणाच्या लग्नातलं काय आजोबांनी घडवलं होतं ते विचारा आणि नावांसकट लिहून घ्या. सोलापुरात कुणाच्या तरी गळ्यात त्यांच्या हातचा डाग अजून असेल.

एक विनंती आहे. याच पानावर पंढरपूरच्या मुलीचं पत्र आहे. तिला जंतर लागणार, आणि चांगलं जुनं जंतर आता सहज मिळत नाही. कायमचं नको, वर्षभरासाठी. पटलं तर संपादकांना दोन ओळी कळवा, मी मध्ये राहून ते पोहोचवेन आणि परत आणेन. नाही पटलं तरी चालेल. तोवर भोकांना खोबरेल लावू नका, ते चिकटतं. शिलाई मशीनचं तेल, एकेका भोकाला एक थेंब, आणि जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.